नेपाळातील एका घरात पाच आठवडे
(विद्यार्थी मेळाव्यात दिलेले भाषण)



संस्थेच्या चिटणीसांनी मला विषय दिला तो असा की, स्वयंसेवक म्हणून परदेशी जाणाऱ्याने तिथल्या कुटुंबात कसे राहावे. मी बँकेत कारकून आहे, बी. ए. मराठी घेऊन केले, आणि परदेश म्हणून पाहिला तो फक्त नेपाळ. तेव्हा लंडन-अमेरिकेचे काही ऐकायला मिळेल या आशेने जे आले असतील त्यांनी चहापर्यंत धीर धरावा.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. जवळजवळ नऊ हजार माणसे गेली, सुमारे पाच लाख घरे जमीनदोस्त झाली. दोन वर्षांनी, २०१७ च्या फेब्रुवारीत, साठवलेली रजा काढून मी एका संस्थेमार्फत नुवाकोट जिल्ह्यातल्या एका गावी पाच आठवडे घरबांधणीच्या कामाला गेलो. गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सुनौलीची हद्द, पुढे बस. आपल्याला व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र पुरते. काठमांडूत उतरल्यावर पहिली आठवण झाली ती १९५६ च्या नोव्हेंबरची. जागतिक बौद्ध परिषदेसाठी बाबासाहेब तिथे गेले होते, ते परिनिर्वाणाच्या अवघे काही दिवस आधी.

स्वयंसेवकाने हॉटेलात न राहता लोकांच्या घरी राहावे ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेची पीस कोअर ही सरकारी संस्था १९६१ साली निघाली आणि १९६२ पासून तिचे स्वयंसेवक नेपाळात येत राहिले. माओवादी संघर्षामुळे २००४ साली ते काम थांबले, २०१२ मध्ये पुन्हा सुरू झाले. प्रशिक्षणाचे पहिले काही महिने स्वयंसेवकाला कुटुंबात ठेवतात. भाषा तिथेच येते. पुस्तकातून ‘भात खानुभयो?’ म्हणजे ‘जेवलात का?’ एवढे कळते. पण ते विचारले म्हणजे कोणी जेवायला बोलावीत नाही, नुसती विचारपूस करतात, हे घरात राहूनच कळते. आपल्या मुंबईशीही पीस कोअरचा एक धागा आहे. पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले जिमी कार्टर यांच्या मातोश्री लिलियन कार्टर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी परिचारिका म्हणून आल्या आणि १९६६ ते १९६८ विक्रोळीला राहून त्यांनी काम केले. अडुसष्टाव्या वर्षी! आपल्याकडे अठ्ठावन्नाव्या वर्षी माणूस पेन्शनचे कागद घेऊन पारावर बसतो.

माझे यजमान छेत्री, म्हणजे तिकडच्या वरच्या जातींपैकी. घरात दाइ, त्यांची पत्नी म्हणजे भाउजू, दाइंची म्हातारी आई आणि कॉलेजात जाणारी मुलगी. म्हातारीला सगळे आमा म्हणत, मीही म्हणू लागलो. दगडमातीचे जुने घर पडलेले, त्यामुळे राहणे पत्र्याच्या तात्पुरत्या घरात. त्याला टहरो म्हणतात. थंडीत बर्फ आणि दुपारी तवा. भाताचे जेवण सकाळी दहाला आणि रात्री सात-आठला. मधल्या वेळेला खाजा, म्हणजे चिवडा-मक्याचे दाणे असे काही. भाताला जोडून डाळ आणि आंबवून वाळवलेल्या पालेभाजीचा गुन्द्रुक. ज्या दिवशी तांदूळ कमी त्या दिवशी ढिँडो, म्हणजे आपल्या नाचणीच्या उकडीचा चुलतभाऊ. स्वयंपाकघराला ते भान्सा म्हणतात. माझी आजी चुलीच्या मागच्या वैलाला भानवस म्हणायची, ते एकदम आठवले.

पहिल्या संध्याकाळी आमांनी दोन प्रश्न विचारले. घर कुठे, आणि थर काय. थर म्हणजे आडनाव, कुळ. मी आडनाव सांगितले. ते गावावरून पडलेले. म्हातारीला त्यातून काहीच उलगडले नाही. आपल्याकडे तलाठ्यापासून घरमालकापर्यंत सर्वांना ते ऐकताच उलगडते. नोकरीत एकदा बदलीच्या गावी खोली शोधत होतो, तेव्हा सहा ठिकाणी खोली रिकामी होती आणि आडनाव सांगितल्यावर सहाही ठिकाणी ‘पाहुणे यायचेत’ होते. इथे मात्र हिंदुस्थानातून आलेला, बँकेतला माणूस, म्हणजे चांगल्याच घरचा असणार, असे धरून आमांनी मला आत बोलावले. चुलीभोवती मातीचा बोटभर उंच कट्टा होता. त्याच्या आत बसवून मला वाढले.

काम सुरू झाले. सरकारी अनुदान तीन हप्त्यांत तीन लाख नेपाळी रुपये, आणि पहिल्यानंतरच्या प्रत्येक हप्त्याआधी इंजिनीअरची तपासणी. भिंत दगडाचीच, पण ठराविक उंचीवर लाकडाचा पट्टा सगळीकडून फिरवायचा, आणि मधूनमधून भिंतीच्या आरपार जाणारे लांब दगड घालायचे, म्हणजे धक्क्याने भिंतीचे दोन पदर सुटत नाहीत. मी दगड वाहायचे, माती मळायची आणि हप्त्यांचे कागद भरायचे एवढेच केले. कागद भरणे हे माझे सर्वांत उपयोगी काम ठरले, हे बँकवाल्यांच्या समाधानासाठी सांगतो.

गवंडी विश्वकर्मा आडनावाचा होता. म्हणजे कामी, लोहारकाम करणारी जात, तिकडच्या दलितांपैकी. हाताचा फार सफाईदार. चौथ्या दिवशी खाज्याच्या वेळी मी पाहिले, चहा त्याला अंगणात मिळाला. प्याला, नळावर ग्लास स्वतः विसळला आणि वेगळ्या एका दगडावर पालथा घातला. कोणी काही बोलले नाही, त्यानेही पाहिले नाही. इतके ते रोजचे होते.

मित्रहो, हे सारे कायद्याने कधीच गेले आहे. नेपाळात १८५४ साली जंगबहादूर राणांच्या काळात मुलुकी ऐन म्हणून कायदा झाला. त्यात साऱ्या समाजाची उतरंड लिहून काढली होती: कोणाचे पाणी चालते, कोणाचे चालत नाही, आणि न चालणाऱ्यांत कोणाला शिवले तर शिंतोडे घ्यावे लागतात. गंमत अशी की युरोपियनांनाही त्यात पाणी न चालणारे, पण शिवलेले चालणारे, अशा वर्गात टाकले होते. त्यामुळे पुढे गोरे स्वयंसेवकही कित्येक घरांत चुलीपासून दूर बसून जेवले. १९६३ च्या नव्या कायद्याने जातीवरचा हा भेद काढला, आणि २०११ साली अस्पृश्यता पाळणाऱ्याला शिक्षा देणारा वेगळा कायदा आला. त्या घरातल्या मुलीला हा कायदा पाठ होता. दगडावरचा ग्लास तरी पालथाच होता.

आता मी काय करायचे? मी कट्ट्याच्या आत आणि तो अंगणात. माझ्या आजोबांना गावच्या पाटलाच्या वाड्यावर वरून ओंजळीत पाणी घालत. १९१७ साली बडोद्याला बाबासाहेबांना कोणी जागा देईना, तेव्हा पारशी नाव लावून ते पारशांच्या वसतिगृहात राहिले, आणि खरे कळल्यावर लाठ्या घेऊन लोक दारात आले. त्यांना नाव बदलावे लागले. मला तर बदलावेही लागले नव्हते, नुसते गप्प बसायचे होते. त्या रात्री मी दाइंना सांगितले की मी बौद्ध, आणि आमचे आजे-पणजे तुमच्या मिस्त्रीच्या जागी उभे असत.

दाइ थोडा वेळ गप्प राहिले, मग हिंदीत म्हणाले, “छह दिसंबर वाले?”

मला हसू आवरेना. दाइ सोळा वर्षे दादरला एका इमारतीवर रखवालदार होते, हे मला तोवर ठाऊक नव्हते. सहा डिसेंबरला चैत्यभूमीकडे जाणारी गर्दी त्यांनी दरवर्षी फाटकातून पाहिली होती. गर्दीतल्या म्हाताऱ्यांना इमारतीचे पाणी दिले म्हणून एका वर्षी बोलणी खाल्ली होती. मग बोलता बोलता स्वतःचेच सांगू लागले. इमारतीत त्यांचा चहाचा ग्लास वेगळा होता, जिन्याखाली खिळ्याला टांगलेला. लिफ्ट त्यांनी चालवायची, पण सामान नसताना वापरायची नाही. हे सांगताना त्यांचा आवाज चढला. मी अंगणातल्या दगडाचे नाव काढले नाही. काढायची गरजही नव्हती, तो दोघांनाही बसल्या जागेवरून दिसत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझे ताट बाहेर ओसरीवर आले. तिला ते पिँढी म्हणतात. ताट मोठे होते, आणि भातावर तूप नेहमीपेक्षा जास्त होते. आमा काहीच बोलल्या नाहीत, वाढायची रीत तेवढीच आदराची. मुलगी आत आजीला कायदा ऐकवत होती, तो पत्र्यातून स्वच्छ ऐकू येत होता. दाइ आपले ताट घेऊन बाहेर आले आणि माझ्याशेजारी बसले. ते पुढचे चार आठवडे तिथेच जेवले. भाउजू दोन्हीकडे वाढत, आणि त्यांचे मत काय हे मला शेवटपर्यंत कळले नाही. घरातल्या सुनेला मत विचारायला तिथेही वेळ कोणाला नसतो. शिवाय महिन्यातले चार दिवस त्या स्वतःच कट्ट्याबाहेर असत. तेव्हा चूल मुलगी सांभाळी.

संस्थेच्या माणसाने घर बदलून देतो म्हटले. मी नको म्हटले. दाइंनी ताट बाहेर आणले होते. मी उठून गेलो असतो तर त्यांनी एकट्याने तिथे बसून काय करायचे? तिसऱ्या आठवड्यापासून मिस्त्रीही खाज्याला पिँढीवर टेकू लागला. ग्लास सगळ्यांचे एकत्र मुलगी विसळायची, मुद्दाम आजीच्या समोर.

एक गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. यजमानाच्या घरी आपल्याकडून काही मागितले जाते, आणि ते नेहमीच देता येत नाही. दाइंनी एके दिवशी प्लास्टिकच्या पिशवीतून पाचशेच्या जुन्या भारतीय नोटा काढल्या. मुंबईची कमाई, मुलीच्या शिक्षणासाठी जपून ठेवलेली. ८ नोव्हेंबर २०१६ ला त्या रद्द झाल्या, डिसेंबरअखेर बदलून घ्यायची सर्वसाधारण मुदतही गेली होती. नेपाळच्या राष्ट्र बँकेकडच्या नोटाही तशाच अडकून पडल्या होत्या. मी बँकेतला, तेव्हा माझ्याकडून होईल असे त्यांना वाटले. दहापेक्षा जास्त जुन्या नोटा जवळ बाळगणे आपल्याकडे नुकतेच गुन्हा ठरले होते. मी नियम समजावून सांगितला आणि नोटा घेतल्या नाहीत. खिशातून तेवढी रक्कम देऊ केली असती तर? तो विचार मी केला आणि सोडला. रोजचे पैसे संस्था त्या घराला देतच होती. त्यावर मी दिले असते तर ओसरीवर शेजारी बसणारा माणूस दाता आणि घेणारा झाला असता, आणि पुढच्या स्वयंसेवकाच्या ताटाला भाव लागला असता. दाइ दोन दिवस कमी बोलले. ते स्वाभाविक होते.

आणखी एक बजावून सांगतो, कारण आपल्या मुलांनाही आता अशी पत्रके येतात. स्वयंसेवेसाठी भरपूर पैसे मागणाऱ्या, आणि अनाथालयात ‘मुलांशी खेळायला’ पाठवणाऱ्या संस्थांपासून लांब राहा. नेपाळात अशा बालगृहांतल्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील हयात असतात. शिक्षणाच्या आमिषाने मुले गावातून उचलतात आणि परदेशी स्वयंसेवकांना दाखवतात. तुम्ही गेलात नाहीत तर एखादे मूल कदाचित घरी राहील.

निघायच्या दिवशी आमांनी दही-तांदूळ आणि लाल रंग कालवून माझ्या कपाळावर अंगठ्याने टीका लावला, गळ्यात झेंडूची माळ घातली. मी लावून घेतला. यावर आपल्यातले काही नाराज होतील, होऊ द्यात. शिवायला त्यांची हरकत नव्हती, हरकत होती ती चुलीला. १८५४ च्या कायद्यात नेमके हेच दोन वर्ग वेगळे लिहिलेले आहेत, हे मला परतीच्या बसमध्ये सुचले. त्या म्हातारीने तो कायदा कधी वाचला असेल असे वाटत नाही.

घर पुढच्या वर्षी पुरे झाले, तिसरा हप्ता मिळाला. मुलीने फोटो पाठवला होता. निळ्या रंगाची दारे, खाली दोन खोल्या, मागच्या बाजूला वेगळा भान्सा. फोटो पुढून काढलेला आहे. भान्सात चुलीभोवती कट्टा घातला की नाही ते त्यात दिसत नाही. मी विचारले तेव्हा तिने लिहिले, “घातला होता, मी पाडला, आजीने परत घातला.”