उत्तर शेवटच्या पानावर नसतं



गॅलियम २९.८ अंश सेल्सिअसला वितळतो. नांदेडच्या मे महिन्यात टेबलावर नुसता ठेवला तरी त्याचं पाणी होईल. पण याच धातूचा सतरा अणूंचा पुंजका त्याहून शेकडो अंश जास्त तापमानालाही घनच राहतो, असं २००३ साली प्रयोगात दिसलं. असं का व्हावं? पुणे विद्यापीठातल्या दिलीप कान्हेरे यांनी सहकाऱ्यांसह २००४ मध्ये संगणकावर आकडेमोड करून त्याचं कारण मांडलं: एवढ्या लहान पुंजक्यात अणूंमधले बंध सहसंयुज आणि म्हणून जास्त घट्ट असतात. त्यासाठी त्यांना भट्टी पेटवावी लागली नाही.

आज पदवी घेणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, पदार्थांच्या अशा संगणकीय भौतिकशास्त्रात तुम्ही यावं, असं मला मनापासून वाटतं. ज्या सिद्धांतावर हे सगळं उभं आहे तो कोन, होहेनबर्ग आणि शॅम यांनी १९६४-६५ मध्ये मांडला. कोन यांना १९९८ चं नोबेल मिळालं. अशी आकडेमोड करणारी क्वांटम एस्प्रेसोसारखी सॉफ्टवेअर फुकट मिळतात. उदाहरणार्थ, सिलिकॉनच्या स्फटिकाच्या सर्वांत लहान एककात दोनच अणू असतात. लातूरच्या वसतिगृहातल्या साध्या लॅपटॉपवरही त्याचं गणित चालतं.

ते जरूर चालवून पाहा. अणूंमधलं अंतर जवळपास बरोबर येईल, पण ऊर्जापट्ट्यांमधलं अंतर प्रयोगात १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट असताना तुमच्याकडे त्याच्या निम्म्याच्या आसपास येईल. पहिल्यांदा वाटेल, आपलंच काही चुकलं. तसं नसतं, ती त्या पद्धतीचीच मर्यादा आहे. आपली चूक कुठली आणि पद्धतीची कुठली, हे ओळखायला अचूकता ठरवणारे आकडे, म्हणजे कटऑफ आणि के-पॉइंट, बदलून तेच गणित पुन्हापुन्हा करावं लागतं. संशोधकाचा बराचसा दिवस यातच जातो. परीक्षेच्या तयारीच्या लातूर पॅटर्नने तुम्हाला वेग दिला, चिकाटी दिली. इथे चिकाटी कामाला येईल. वेग जरा बाजूला ठेवा, कारण इथलं उत्तर पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापलेलं नसतं.

वाट सोपी आहे, असं मी सांगणार नाही. आधी नेट, गेट किंवा जेस्टसारखी प्रवेशपरीक्षा, मग पाच-सहा वर्षं पीएच.डी., मग परगावी, बहुधा परदेशी, पोस्टडॉक. त्यानंतरही कायम जागा मिळेलच असं नाही. तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवणारे हुशार लोक आपण सगळेच ओळखतो. हा त्यांच्यावर होणारा अन्याय आहे आणि तो थांबला पाहिजे. पण या कामात कमावलेलं प्रोग्रॅमिंग आणि आकड्यांची पारख वाया जात नाही. बॅटरीपासून चिपपर्यंतच्या उद्योगांना अशी माणसं लागतात.

शेवटची विनंती लेकरांचं कौतुक पाहायला आलेल्या पालकांना. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर मुलगी दरमहा ३७,००० रुपयांवर संशोधन सुरू करते. तिला घराकडून पैसा नको, मुदत हवी. तिशीपर्यंत तिला ‘नोकरी कधी, लग्न कधी’ विचारू नका.