विद्यार्थी-सहभागाचे संनियंत्रण



उच्च शिक्षणातील स्थूल पटनोंदणी प्रमाण २०२१-२२ मध्ये २८.४ टक्के होते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० नुसार ते २०३५ पर्यंत ५० टक्क्यांवर न्यावयाचे आहे. परंतु प्रवेश घेतलेला विद्यार्थी टिकलाच नाही, तर ही वाढ कागदोपत्री राहील.

आपल्या अनेक विद्यापीठांत ७५ टक्के हजेरीची अट असते. तिचा हिशेब बहुधा सत्राअखेर होतो. मागे पडलेल्याला सावरण्याची वेळ तोवर निघून गेलेली असते. अमेरिकेतील जॉर्जिया स्टेट विद्यापीठाने २०१२ पासून निराळी वाट धरली. गुण, विषयनिवड, नोंदणी यांतील आठशेहून अधिक धोक्याच्या खुणा तेथे दररोज तपासल्या जातात. खूण दिसताच मार्गदर्शक विद्यार्थ्याशी संपर्क साधतो. किरकोळ शुल्कथकबाकीमुळे अडलेल्यांसाठी विद्यापीठाने छोटी अनुदानेही दिली.

मात्र अशा नोंदी ही विद्यार्थ्याची वैयक्तिक माहिती असते. ती कशासाठी घेतली जाते, हे त्याला आधी सांगितले पाहिजे. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम, २०२३ चे सूत्रही हेच आहे.

नोंद ठेवणे सोपे आहे. ती पाहून वेळीच विचारपूस करणारा शिक्षक असेल, तरच तिचे सार्थक होते.