कासोटा आणि वेष्टी

(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत चेन्नई येथे दिलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



साड्यांवर आपल्या मंडळात आजवर तीन व्याख्याने झाली. पैठणीवर एक, कांजीवरमवर एक आणि तिसरे या दोन्हींच्या भांडणावर. पुरुषांच्या कपड्यांवर मात्र कोणी बोलले नाही. पुरुष काय, शर्ट-पँट घालतो, त्यात बोलण्यासारखे काय आहे, असा एकूण समज. पण मंडळी, आपली मराठी भाषाच पाहा. पुरुषाची सगळी अब्रू आपण त्याच्या नेसण्यात बांधून ठेवली आहे. कामाला लागायचे तर कंबर कसायची. चारित्र्याचा चांगला तो लंगोटाचा पक्का. घाबरला की धोतर सुटले. आणि अंगात धमक नसेल तर 'हातात बांगड्या भर' म्हणून मोकळे! अमृतसरचा शीख सैनिक हातात कडे घालून लढतो, त्याला हा वाक्प्रचार समजावून सांगणे अवघड जाईल.

या सगळ्याच्या मुळाशी आहे तो कासोटा. दोन पायांतून मागे नेऊन खोचलेले धोतराचे टोक. आपल्या लेखी कासोटा असेल तर ते वस्त्र पुरुषी. कासोटा नसेल तर ती लुंगी. लुंगी म्हणजे आंघोळीनंतर गुंडाळायची, घराच्या उंबऱ्याच्या आत राहायची वस्तू.

मी 1984 साली अंबत्तूरच्या एका कारखान्यात नोकरीला आलो. दोन वर्षांनी वडील प्रथमच येथे आले. साताऱ्याकडचे निवृत्त शिक्षक, आयुष्यभर धोतर, कोट, टोपी. दुसऱ्या दिवशी मी त्यांना बँकेत नेले. मॅनेजरसाहेब पांढरी शुभ्र वेष्टी आणि अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून बसलेले. वडील माझ्या कानाशी म्हणाले, "अरे, हे लुंगीवर बँकेत कसे?"

आता येथे आमचे तमिळ स्नेही हसत आहेत, कारण त्यांच्या लेखी ही दोन अगदी वेगळी वस्त्रे. रंगीत, चौकड्यांची, नळीसारखी शिवलेली असते ती लुंगी, म्हणजे कैली. ती घालून तमिळ माणूस देवळात किंवा लग्नात जाणार नाही. वेष्टी पांढरी, न शिवलेली, काठाची. लग्नकार्याची असेल तर जरीच्या काठाची, राजकारण्याची असेल तर पक्षाच्या रंगाच्या काठाची. काठ पाहून मत कोणाला ते सांगता येते. ती मापतात 'मुळम'वर, म्हणजे आपल्या हातावर. चार मुळमची घरगुती, एकेरी. आठ मुळमची दुहेरी, ती बाहेर जाण्याची. आपण मात्र या सगळ्याला एकच शब्द लावला आणि तोही हसून.

वडिलांची आणि शेजारच्या मामांची गट्टी जमली. (येथे शेजारच्या वडीलधाऱ्याला मामाच म्हणतात, त्यामुळे आम्हाला नाते शोधावे लागले नाही.) दोघांचे संभाषण जुन्या मॅट्रिकच्या इंग्रजीत चाले. एके दिवशी मामांकडे श्राद्ध होते आणि मामा चक्क कासोटा मारून बाहेर आले. त्याला ते पंचकच्छम म्हणतात. वडील आनंदाने म्हणाले, "आज बरोबर नेसलात!" मामा शांतपणे म्हणाले, "हे देवांसाठी आणि पितरांसाठी. रोजचे माणसांसाठी." तेवढ्यात मागून मामी आल्या, नऊवारी मडिसार नेसून. मडिसारलाही मागे कासोटा! वडील मामींकडे पाहत राहिले. कारण माझी आजी जन्मभर तशीच नेसली होती. तिचे लुगडे आणि आजोबांचे धोतर, दोन्हींना कासोटा. दोघेही शेतात त्याच नेसणीत वाकायचे.

माझा आजचा सगळा विषय या एका गोष्टीत आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. जो कासोटा आपण पुरुषाची खूण समजतो, तो आपल्याच घरात बाईलाही होता. तमिळ ब्राह्मण घरात तो लग्न झालेल्याची आणि कर्माची खूण आहे, बाई असो वा बुवा. आपल्या बायकांनी गेल्या शतकात सकच्छ नेसण सोडून गोल पातळ घेतले, तेव्हा वडीलधाऱ्यांनी नाके मुरडलीच होती. पुरुषांनी तर धोतरच सोडले, त्याचे कोणाला काही वाटले नाही. आज आपल्यापैकी किती जणांना धोतर नेसता येते, हात वर करा पाहू. चार. चारांपैकी दोन गुरुजी आहेत. लग्नात आपण शिवलेले धोतर पायजम्यासारखे चढवतो आणि वेष्टीला हसतो! तमिळ मित्रांनी फार खूश होऊ नये, तुमच्याकडेही वेल्क्रो लावलेली, खिसा असलेली वेष्टी दुकानात आली आहे.

वेष्टीला स्वतःचे एक व्याकरण आहे. काम करताना ती गुडघ्यापर्यंत दुमडून कमरेला खोचतात. रस्त्यात कोणी वडीलधारे दिसले की हात आपोआप खाली जातो आणि वेष्टी सुटून घोट्यापर्यंत येते. आपण वाकून नमस्कार करतो, ती जागा येथे या एका हालचालीने भरून निघते. आणि भांडण व्हायचे असेल तर? तर तीच वेष्टी झटक्यात वर जाते. तमिळ सिनेमात नायकाने वेष्टी वर दुमडली की थिएटरात शिट्ट्या सुरू होतात, कारण आता मारामारी नक्की. आपला गडी कासोटा कसतो, यांचा गडी वेष्टी दुमडतो. 'मुत्तु' (1995) मध्ये वेष्टी नेसून टांगा हाकणारा तो नायक जन्माने कोण, तर बंगळूरच्या मराठी घरातला शिवाजीराव गायकवाड, अर्थात रजनीकांत. त्याच्या वेष्टीत तमिळनाडूला पुरुषार्थ कमी पडलेला दिसला नाही.

या व्याकरणाची एक कडू बाजूही आहे, ती लपवण्यात अर्थ नाही. वेष्टी कोणी किती खाली सोडायची आणि खांद्यावरचा तुंडू, म्हणजे आपले उपरणे, कोणासमोर काढून कमरेला बांधायचा, हे जातीने ठरलेले होते. मोठमोठ्या नादस्वरम वादकांनाही तुंडू कमरेला बांधून वाजवावे लागे. स्वाभिमान चळवळीच्या काळात तो खांद्यावर घेणे हीच एक घोषणा झाली. म्हणजे पुरुषाचे वस्त्र हे नुसते पुरुषाचे कधीच नव्हते, कोणत्या पुरुषाचे हा प्रश्न त्याच्या आत होताच. आपल्या बाजूचे उदाहरण घ्या. 22 सप्टेंबर 1921 रोजी मदुरैत गांधीजींनी टोपी, सदरा सोडला आणि पंचा नेसला. गरिबाजवळ जेवढे कापड तेवढेच मी घालीन, हा त्यामागचा विचार. ज्यांच्याकडून शतकानुशतके कापड हिरावून घेतले गेले, त्यांचे पुढारी डॉ. आंबेडकर मात्र सूट-बूट-टाय घालून उभे राहिले. एकाने उतरवले, एकाने चढवले. मला दोन्ही कृती सारख्याच मर्दानी वाटतात, आणि दोन्हींची टिंगल करणारे तेव्हाही होते.

आता एक अवघड गोष्ट. 1966 नंतरच्या काही वर्षांत मुंबईत दाक्षिणात्यांविरुद्ध पुंगी-लुंगीची घोषणा गाजली. नोकऱ्यांचा प्रश्न खरा असेल, त्या वादात मी आज जात नाही. पण त्या घोषणेत माणसाच्या नोकरीवर नव्हे, तर त्याच्या नेसणीवर बोट ठेवलेले होते. तुमचे वस्त्र हास्यास्पद, म्हणून तुम्ही हास्यास्पद. आमच्या कारखान्यातील एका सहकाऱ्याचे बालपण माटुंग्यात गेले. त्याने मला एकदा कँटीनमध्ये सांगितले की त्या दिवसांत त्याच्या वडिलांनी घराबाहेर वेष्टी नेसणे बंद केले. देवळात जायचे तर पिशवीत वेष्टी, देवळात बदलायची, निघताना पुन्हा पँट. हे सांगताना तो चिडला नव्हता. मलाच पुढचा घास गिळेना. मी त्याच्या गावी चाळीस वर्षे राहतो, दर भाद्रपदात टोपी घालून ढोल बडवीत रस्त्याने जातो, आणि मला टोपी पिशवीत ठेवण्याची वेळ एकदाही आलेली नाही.

पुढची गंमत बघा. 2013 मध्ये त्याच मुंबईच्या हिंदी सिनेमातून 'लुंगी डान्स' आला आणि आपल्या वरातींत मुले लुंगी वर धरून नाचू लागली. आणि 2014 साली येथे चेन्नईत काय झाले? मद्रास उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींना वेष्टी नेसल्यामुळे चेपॉकच्या क्रिकेट क्लबात प्रवेश नाकारला गेला. आपल्याच गावात, आपल्याच वस्त्रात! गोऱ्या साहेबाचा नियम साहेब गेल्यावर साठ-सत्तर वर्षे टिकून होता. महिन्याभरात विधानसभेने कायदा केला, की सार्वजनिक ठिकाणी वेष्टीला मज्जाव करता येणार नाही. वेष्टीला हसणारे फक्त मराठीच होते असे नाही, हे सांगण्यासाठी ही आठवण.

साहेबाच्या घरातही हाच घोळ होता. स्कॉटलंडचे डोंगरी लोक घागऱ्यासारखा किल्ट नेसत. 1746 साली इंग्रज सरकारने त्यावर कायद्याने बंदी घातली, ती 1782 पर्यंत टिकली. बायकी दिसतो म्हणून नव्हे हो, बंडखोरांचा वेष म्हणून!

दागिन्यांचेही तेच. जेम्स वेल्सने 1792 साली काढलेले सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांचे चित्र पाहा, मोत्यांशिवाय पेशवे दिसत नाहीत. तंजावरच्या आपल्या भोसले राजांच्या चित्रांतही गळ्यात कंठे, कानात मोती. येथील जुने विद्वान, गवई हिऱ्याची कुडी घालत, तिला कडुक्कन म्हणतात. आपल्याकडे भिकबाळी. मधली दोन-तीन पिढ्या तिला जुनाट म्हणून हसत होती, आता ढोलपथकातली मुले ती हौसेने घालतात. मिशीचे उलटे. महाकवी सुब्रह्मण्य भारती तरुणपणी काशीला राहिले आणि फेटा व मिशी घेऊन आले. ब्राह्मणाने मिशी ठेवणे त्या वेळी येथे रुचणारे नव्हते. आज शाळेच्या वेषभूषा स्पर्धेत प्रत्येक वर्गात एक तरी पोर काळा कोट, पांढरा फेटा आणि काजळाने काढलेली पीळदार मिशी लावून भारती होतो. आमच्या मुलानेही दुसरीत तेच केले होते. हे भारती टिळकांना मानणारे, 1907 च्या सुरत काँग्रेसला हजर असलेले, म्हणजे आपलेही पाहुणेच.

त्याच मुलाचे दोन वर्षांपूर्वी लग्न झाले. मुलगी पुण्याची. मुलगा म्हणाला, "बाबा, मी येथे जन्मलो, मला वेष्टी नेसायची आहे." पुण्याहून त्याच्या आत्याचा फोन आला, "अरे, लुंगीवर लग्न लावणार का? लोक काय म्हणतील?" मी म्हटले, "ताई, तू त्याच्याशीच बोल." काय बोलणे झाले ते मला कळले नाही. अंतरपाटाला तो सोवळे नेसून उभा राहिला, शिवलेले नव्हे, मामांच्या नातवाने नेसवलेले. संध्याकाळी स्वागताला जरीकाठाची वेष्टी. आत्या स्टेजवर गेली तेव्हा त्याने पटकन दुमडलेली वेष्टी खाली सोडली. ताईने मला नंतर विचारले, "हे काय केले रे त्याने?" मी सांगितले. ती काही बोलली नाही, पण अल्बममध्ये तिने तोच फोटो मागून घेतला.

आता वेळ संपत आली आहे. तरुण मंडळींनी विचारले आहे की यंदाच्या विसर्जन मिरवणुकीत अर्ध्या लेझीम पथकाने वेष्टी नेसली तर चालेल का. चालेल, पण आठ मुळमची घेऊ नका, पायात येईल. चार मुळमची घ्या, गुडघ्यावर घट्ट दुमडा, वर पट्टा बांधा आणि आत अर्धी चड्डी असू द्या. सराव शनिवारी सहा वाजता आहे, नेसवायला शेजारचे मामा येणार आहेत. वय ब्याण्णव, तेव्हा वेळेवर या.