भीमाशंकरला कधी जायचं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)

पहिल्या रांगेत बसलेले आपले सर आणि बाई, आणि १९९१ च्या दहावीच्या माझ्या मित्रमैत्रिणींनो,

संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषय दिलाय भीमाशंकरचं जंगल. आपल्या ग्रुपवर ठरलंय की येत्या जूनमध्ये दोन बस करून काजवे बघायला जायचं. तिथला रस्ता पाठ असलेला मी, म्हणून माहितीही मीच द्यायची. माहिती देतो. पण आधीच सांगून टाकतो, त्या दोन बसना माझा विरोध आहे. का, ते ऐकून घ्या. मग जेवताना मला काय बोलायचं ते बोला.

सातवीची सहल आठवते? १९८८ चा जानेवारी. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ साली जाहीर झालं होतं, म्हणजे आपण गेलो तेव्हा त्याला जेमतेम तीन वर्षं झाली होती. एसटीची लाल गाडी, चाकण, राजगुरुनगर, मंचर, घोडेगाव, आणि घाटात निम्मा वर्ग ओकलेला. गुप्त भीमाशंकरच्या वाटेवर भूगोलाच्या सरांनी आपल्याला खाली बसवलं आणि सांगितलं, "वीस मिनिटं कुणी बोलायचं नाही." आपण तीन मिनिटं टिकलो. कुणाच्या तरी डब्याचं झाकण पडलं आणि सगळा वर्ग हसत सुटला. शेंड्याजवळचं काटक्या-पानांचं मोठं घरटं सरांनी दाखवलं, तेवढंच. माझ्या सहलीच्या वहीत ओळ आहे, 'शेकरू : पाहिले नाही.' सरांनी त्यावर लाल पेनानं बरोबरची खूण केली आहे. वही अजून आहे माझ्याकडे.

ते 'पाहिले नाही' पुसायला मला १९ वर्षं लागली. २००७ साली मी चाकणला टूलरूममध्ये होतो. आपल्या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारची. या गुरुवारनं माझ्यावर फार उपकार केलेत. शनिवार-रविवारी आणि श्रावणी सोमवारी भीमाशंकरला पाय ठेवायला जागा नसते. गुरुवारी सकाळी सातला त्या वाटेवर मी आणि एक म्हातारे मोळीवाले बाबा, एवढेच. मी बसलो. वीस नाही, चाळीस मिनिटं. मग वरून उंबराची अर्धवट कुरतडलेली फळं खाली पडू लागली. मान वर केली तर मागच्या पायांनी फांदीला उलटं लटकून, पुढच्या दोन्ही पंजांत फळ धरून ते निवांत खात होतं. पाठ तांबूस तपकिरी, पोट पिवळट पांढरं, शेपटी अंगापेक्षा लांब. खार म्हणायला जीभ वळत नाही, दीड-दोन किलोंचा ऐवज तो.

आपल्या राज्याचा हा प्राणी. इथल्या शेकराचं वर्णन १८३१ साली कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं शास्त्राच्या दप्तरात नोंदवलं आणि नाव दिलं गव्हर्नर एल्फिन्स्टनचं. महादेव कोळ्यांच्या पोरांना ते त्याच्या कितीतरी आधीपासून माहीत होतं, पण त्यांना कोण विचारतो!

शेकरू सहसा जमिनीवर उतरत नाही. सहा मीटरपर्यंतची उडी मारत झाडावरून झाडावर जातं. आपल्या मोशीतून नाशिक हायवे पायी ओलांडायला जे धाडस लागतं ना, तेवढं त्याला दोन झाडांमध्ये मोकळी जागा पडली की लागतं. एक-दोन जुनी झाडं तोडली की आपल्या लेखी वाहनतळ झाला. त्याच्या लेखी रस्ता तुटला. घरटंही ते एकच बांधत नाही, आसपास तीन-चार असतात, बारीक फांद्यांवर, जिथे जड जनावर पोहोचणार नाही.

बाकी वर्षभराचं थोडक्यात सांगतो. होळीच्या आगेमागे गावातली माणसं बाळहिरडा वेचायला रानात असतात. त्यावर घरात पैसा येतो, तेव्हा मध्ये लुडबुडू नये. एप्रिल-मे करवंदं-जांभळांचे, पण एवढा पाऊस पडणाऱ्या डोंगरावर विहिरी तळाला गेलेल्या असतात, म्हणून आपलं पाणी आपण न्यावं. आषाढात ढगच जमिनीवर उतरतात. शीळकरी कस्तुर पहाटे माणसासारखी शीळ घालतो. आणि रात्री कुजक्या फांद्यांवरची एक बुरशी हिरवट उजेड देते. मोबाईल बंद करून डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबलात तरच ती दिसते, नाहीतर नुसता चिखल. कारवीचा बहर सात-आठ वर्षांतून एकदा, तेव्हा सगळा उतार जांभळा निळा. कार्तिक-मार्गशीर्षात भात कापून झालेलं असतं, हवा स्वच्छ, नागफणीवरून खाली कोकण दिसतं.

आता काजवे. दहा वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात मीच तीन गाड्या भरून कारखान्यातली मंडळी नेली होती. अभयारण्याच्या हद्दीबाहेर, शेताच्या बांधावर. समोरचं अख्खं झाड एका तालात उजळत होतं, विझत होतं. मागून आमची तिसरी गाडी आली, दिवे लावून. झाड विझलं ते विझलंच. मग मंडळींनी मोबाईलचे दिवे पाजळले, एकानं फांदी हलवली, बाकीचे फोटोसाठी गवतात शिरले. काजव्याचा उजेड म्हणजे नराचं मादीला बोलावणं. पंख फुटल्यावर त्याला आयुष्य मिळतं काही आठवड्यांचं, आणि बऱ्याच जातींत मादी त्याच गवतात, जमिनीलगत बसून उत्तर देते. आम्ही नेमके तिथे बूट घालून उभे. माझी लेक तेव्हा सहा वर्षांची. तिनं पाण्याच्या बाटलीत अकरा काजवे भरले, आणि मी झाकणाला भोकं पाडून दिली. मी! सकाळी मोशीला पोहोचलो तेव्हा तिनं विचारलं, "बाबा, हे दिवसा झोपतात का?" मी हो म्हणालो. ती शाळेत गेल्यावर बाटली ओतून टाकली.

आणि मित्रांनो, लहानपणी इंद्रायणीकाठच्या बाभळींवर आपण काजवे पाहिलेत की! पावसाच्या तोंडावर, थोडेच असायचे, पण असायचे. १९९७ ला गाव महापालिकेत गेलं, रस्त्यावर दिवे आले, ते हवेच होते, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्या उजेडानं ते इथून गेले, तोच घेऊन आपण शंभर किलोमीटर त्यांच्या मागे चाललोय.

कुणी म्हणेल, जूनच्या गर्दीवर तिथल्या घरांचे चार पैसे होतात. होतात, खरं आहे. म्हणूनच जाऊ नका असं मी म्हणत नाही. पण एक घर आठ माणसांना गरम भाकरी-पिठलं घालू शकतं, ऐंशींना नाही. ऐंशींचं कंत्राट बाहेरचा केटरर घेतो. आठ-आठ जण वर्षभर वेगवेगळ्या महिन्यांत गेलो, तर त्या घराला दहा वेळा पैसे मिळतील.

तर माझी सूचना अशी. जूनच्या बस रद्द. पहिली गाडी मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी, पहाटे चारला शाळेच्या फाटकापासून. बँकेतल्यांनी रजा टाकावी. माझ्याशिवाय सात जागा आहेत. पुढची सीट भूगोलाच्या सरांची, त्यांच्या गुडघ्यांना झेपेल तिथपर्यंतच चालायचं आणि बसायचं. सरांना मी काल फोनवर विचारलं. ते म्हणाले, "येतो, पण तुम्ही अजूनही वीस मिनिटं गप्प बसणार नाही."

उरलेल्या सहा जागांसाठी कागद चहाच्या टेबलावर ठेवलाय. पेन सोबत बांधलंय, ते नेऊ नका.