दंड भरून कॉलम जाड होत नाही

(जबलपूर येथील वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित भाग)



विषय कोरडा आहे : बांधकामाला नगर निगमची, म्हणजे महापालिकेची, परवानगी केव्हा लागते? 1956 चा महापालिका कायदा, 1973 चा नगर तथा ग्राम निवेश कायदा, 2012 चे भूमी विकास नियम हे सगळं आपल्याला पाठच आहे. (हशा) बरं, थोडक्यात सांगतो. प्लॉट पाडून कॉलनी काढायची, तर आधी टाउन अँड कंट्री प्लॅनिंगची अनुज्ञा. घर बांधायचं, मजला चढवायचा, जुनं पाडून नवं उभारायचं, तर निगमची भवन अनुज्ञा. रंगसफेदी आणि प्लास्टरला कुणी विचारत नाही.

माझा हट्ट एवढाच, की परवानगी आधी घ्यायची असते. नंतर घेतात ती माफी.

22 मे 1997 ची पहाट आठवा. भूकंप झाला, कोसमघाटाजवळ केंद्र, सुमारे 40 माणसं गेली. जुनी मातीची घरं पडली, त्याचं नवल नव्हतं. नवल होतं हिमगिरी अपार्टमेंटचं. तळमजल्याची एक बाजू पार्किंगसाठी मोकळी, दुसऱ्या बाजूला विटांच्या भिंती. भिंतींच्या बाजूला आणि वरच्या मजल्यांना नाममात्र इजा. पार्किंगमधल्या कॉलमांचं मात्र काँक्रीट गळून पडलं, रिंगा तुटल्या, उभ्या सळया वाकल्या. वरचे मजले भिंतींनी आवळलेले, त्यामुळे सगळा हिसका खालच्या मोकळ्या कॉलमांनी खाल्ला. पुढे 2002 च्या भूकंप संहितेत अशा मजल्याचे कॉलम अडीच पट बळासाठी आखायला सांगितलं. मदन महालजवळची संतुलित शिळा तेवढी जागची हलली नाही. तिचा नक्शा कुणी पास केला, ते विचारू नका. (हशा)

हे मी इतकं लांबवलं, कारण आपल्याला वाटतं, ‘एक भिंत तर काढली, त्यात काय!’ पण ती भिंत हिसका पेलत होती की नाही, हे मिस्त्री सांगू शकत नाही. तिथे इंजिनिअरची सही हवी, आणि ती सही मागणारं कुणीतरी हवं. राइट टाउनवाल्यांनी एकमेकांकडे पाहू नये, मी कुणाचं नाव घेतलेलं नाही.

‘कंपाउंडिंग आहे की!’ मागून आवाज आला, ऐकला मी. आहे ना, दंड भरून जादा बांधकाम नियमित करून घ्यायची सोय. 2021 मध्ये तिची मर्यादा 10 टक्क्यांवरून 30 टक्क्यांवर नेली. पैसे भरले की कागद नियमित होतो, पण कॉलममध्ये एक रिंगही वाढत नाही.

चिठ्ठी आली, दोनच मिनिटं उरलीत. दमोह नाक्याजवळच्या रुग्णालयातल्या 1 ऑगस्ट 2022 च्या आगीवर बोलायचं राहिलं. आठ माणसं गेली. बाहेर पडायची वाट कागदावर नव्हे, इमारतीत असावी लागते, एवढं म्हणून थांबतो.

प्रश्न लिहून द्या. फक्त ‘आमचं झालंय ते नियमित होईल का?’ हा एक सोडून.