अनेक धाकटे रेडिओ
(शताब्दी व्याख्यानमालेतील भाषण)



बेळगाव-निपाणी परिसरातील कितीतरी पतसंस्था, शाळा आणि वाचनालये जाड भिंतींच्या जुन्या वास्तूंत नांदत आली आहेत. त्या भिंतींनी उन्हाळे सुसह्य केले. बिनतारी जाळ्याला मात्र त्याच आडव्या येतात. दाराशी बसलेल्या लेखनिकाचे काम क्षणात होते, आतल्या खोलीतील माणूस ताटकळत राहतो. मग कार्यकारी मंडळाचे मन एखाद्या महागड्या, शक्तिशाली यंत्राकडे झुकते.

२००५ साली मायक्रोसॉफ्टच्या संशोधन विभागातील परमवीर बहल, जितेंद्र पाध्ये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका उलट विचार मांडला. कचेरीत मेजामेजावर संगणक असतोच. तो जागचा हलत नाही. वीज आणि तारेची जोडणी त्याला मिळालेली असते. त्याला एक स्वस्त रेडिओ जोडला, की तो भोवतालच्या लहरींचा कानोसा घेऊ लागतो. एकट्या रेडिओला थोडेच ऐकू येते. पण अनेकांची साक्ष एकत्र केली, की लहर कोणत्या खोलीत पोहोचत नाही हे उमगते. परवानगीवाचून कोणी चोरटे प्रक्षेपक यंत्र जोडले असेल, तर त्याचाही माग लागतो. पतसंस्थेच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे. ठेवीदारांच्या खात्यांकडे जाणारे ते मागचे दारच असते.

२००८ साली रोहन मूर्ती, पाध्ये, रणवीर चंद्रा प्रभृतींनी पुढचे पाऊल टाकले. त्यांनी प्रक्षेपक यंत्रेच दाट पेरली. अंतर वाढले की वेग घटतो, आणि एक संथ यंत्र सामायिक मार्ग अडवून साऱ्यांचाच खोळंबा करते. रेडिओ जवळ असला, तर प्रत्येकाचे बोलणे लवकर संपते.

नुसती गर्दी मात्र कामाची नाही. भारतात जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झालेल्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परस्परांना न छेदणारे मार्ग जेमतेम तीन. ५ गिगाहर्ट्झमध्ये मार्ग अधिक, पण तेथील लहरींना भिंती जास्त अडवतात. म्हणून कोणी कोणता मार्ग घ्यावा आणि कोणी कोणाशी जोडून घ्यावे, हे एका मध्यवर्ती नियंत्रकाने ठरवावे लागते. शिवाय रेडिओ स्वस्त असला, तरी त्याच्यापर्यंत तार ओढण्याचा खर्च उरतोच.

तेव्हा खरेदीपूर्वी मंडळाने एक दिवस खोलीखोलीतून हिंडून लहरीचे बळ मोजावे, एवढेच सुचवावेसे वाटते. सभासदांच्या लहान लहान वर्गण्यांवर शंभर वर्षे उभ्या राहिलेल्या संस्थेला या विचाराचे मर्म निराळे सांगण्याची गरज नाही. मात्र त्या वर्गण्यांनाही चोख हिशेब ठेवणारा चिटणीस लागलाच होता.