हापुसाची पेटी : बागेपासून बाजारापर्यंत

साबणाच्या कारखान्यांत माल सांचूं लागला, तर यंत्र चार दिवस बंद ठेवतां येतें. आंब्याच्या कलमाला तसें सांगतां येत नाहीं. रत्नागिरीचा बागाइतदार वर्षभर खर्च करतो आणि त्याचें बहुतेक उत्पन्न मार्च ते मे एवढ्या अवधींत बाजाराच्या हवालीं करतो. म्हणून माल हलविण्याची व विकण्याची व्यवस्था हा विषय कारखानदारापेक्षांहि त्याच्या अधिक जिव्हाळ्याचा आहे.

या व्यवस्थेंतील दोष शोधतांना पुष्कळांची दृष्टि प्रथम रस्त्याकडे जाते. रस्ता महत्त्वाचा खराच. परंतु मुंबई तेथून सुमारें ३५० किलोमीटर, म्हणजे मालमोटारीला एका रात्रीचा पल्ला. फळाचें भवितव्य बहुधा त्यापूर्वींच, झाडाखालीं ठरून गेलेलें असतें. कोंकणांत फळाची तयारी आण्यांत मोजतात. नाणें गेलें, माप राहिलें! चौदा आणे तयार झालेलें फळ उतरवावें, असें जाणते सांगतात. तें झाडावर अधिक पिकूं दिलें तर आंत साका होण्याचा संभव वाढतो. आणि साका बाहेरून दिसत नाहीं, हीच खरी अडचण. उलट, आरंभींच्या चढ्या भावाच्या लोभानें कोंवळें फळ काढलें, तर तें सुरकुततें व त्याला गोडी येत नाहीं. देंठ मोडला तर चीक सालीवर ओघळून डाग पडतात. यासाठींच दापोलीच्या कृषि विद्यापीठानें ‘नूतन झेला’ तयार केला. त्यांत फळ देंठासकट कापून जाळींत पडतें. काढलेलें फळ उन्हांत न ठेवतां लगेच सावलींत नेणें, याला तर कांहींच खर्च नाहीं.

पण पेटी वाशीच्या बाजारांत पोंचली कीं तिच्याविषयींची माहिती तेथेंच संपते. आडत्यानें हंगामापूर्वीं उचल दिली असली, तर माल त्याच्याच गाळ्यावर जावयाचा. कांहीं दिवसांनीं पट्टी येते. तींत भाव असतो, भाडें असतें, हमाली असते. किती फळें खराब निघालीं, तीं कोणत्या तोडीचीं होतीं, हें नसतें. आडत्याला सर्वस्वीं दोष देणें सोपें आहे. फवारणीच्या दिवसांत रोख रक्कम दाराशीं आणून देणारा पुष्कळदां तोच असतो, हेंहि विसरतां येत नाहीं.

माहितीच्या अभावाची किंमत केवढी पडते, हें २०१४ सालीं दिसलें. कांहीं खेपांत फळमाशी सांपडली, आणि १ मेपासून युरोपीय संघानें साऱ्या भारताच्या आंब्याला दार लावलें. तें उघडावयास २०१५ साल उजाडलें.

२०१८ मध्यें रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणें व पालघर या जिल्ह्यांच्या हापुसाला भौगोलिक मानांकन मिळालें. परप्रांतीय फळ रत्नागिरीच्या नांवानें विकणाऱ्यांस त्यामुळें कायद्यानें अडवितां येतें. मात्र जिल्ह्याच्या नांवानें बागेची ओळख पटत नाहीं. अलीकडे कित्येक बागाइतदार पुण्यामुंबईच्या कुटुंबांकडे थेट पेट्या पाठवितात. अशा पेटीवर बागेचें नांव आणि तोडीची तारीख घातली, तर साका निघाल्याची तक्रार नेमक्या त्याच कलमांपर्यंत परत पोंचते. आणि पुढील वर्षीं तेथील तोड दोन दिवस आधीं करावी कीं काय, हें बागाइतदाराला ठरवितां येतें.